जैसे थे, मिस्टर स्पीकर

दात घासायच्या आधी ते टाय बांधायचे. खाली हाफपँट, पायात रबरी स्लिपर, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात निळा टाय, त्यावर टूथपेस्टचे ठिपके. मी एकदा धीर करून विचारलं, टाय नंतर बांधला तर नाही का चालणार? चूळ भरून ते म्हणाले, "सरकार कधी पडेल सांगता येत नाही. पडताना तरी माणूस नीट दिसला पाहिजे."

त्यांचं सरकार तीनदा पडलं होतं. ही थाप नव्हती, मी लायब्ररीत जाऊन खात्री केली होती. प्रशांत महासागरातल्या एका एवढ्याशा देशाचे ते तीन वेळा राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि तिन्ही वेळा अविश्वास ठरावानं घरी गेले होते. पहिल्यांदा अकरा दिवसांनी, दुसऱ्यांदा आठ महिन्यांनी, तिसऱ्यांदा दोन वर्षांनी. "आलेख बघ," ते म्हणायचे, "प्रगती आहे." देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत, आणि काहीही लिहिलं तरी कोणाच्या तरी आत्याला राग येईल.

मी २००४ साली ऑरेगनमधल्या एका छोट्या विद्यापीठाच्या गावी एम.एस. करायला गेलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंग्रजी मला वाचता यायचं, लिहिता यायचं, पण बोलायची वेळ आली की वाक्य तोंडात तयार होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. सुरुवातीचे दोन आठवडे एका सीनियरच्या हॉलमध्ये गादी टाकून काढले. मग लाँड्रीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. जाड कागद, वर सोनेरी शिक्का, त्याखाली छापलेलं 'राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय' आणि खाली हातानं लिहिलेलं: "खोली भाड्याने देणे आहे. पाळीव प्राणी नकोत. विरोधी पक्ष नको."

मला वाटलं, ही इथली काहीतरी बोलायची पद्धत असेल.

घर त्यांच्या मुलीचं होतं. लूसी हॉस्पिटलात नर्स होती. तिचा नवरा डेल शाळेची बस चालवायचा आणि दिवसाला साधारण सहा वाक्यं बोलायचा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत वैभव नावाचा नागपूरचा मुलगा आधीपासून राहत होता, दुसरी रिकामी होती. खालच्या खोलीत हे. ते अमेरिकेत राहायला आले होते ते मूत्रपिंडांमुळे. सोमवार, बुधवार, शुक्रवार लूसी त्यांना डायलिसिसला घेऊन जायची. त्यांच्या देशात ते यंत्र नव्हतं. मायदेशी परत जाणं म्हणजे फार तर दहाबारा दिवस, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, आणि परत जाऊन चौथ्यांदा निवडून यायचं, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. त्या घरात बाकी सगळी भांडणं लुटुपुटीची होती. हे एकच खरं होतं.

माझी मुलाखत त्यांनी स्वयंपाकघरात घेतली.

"तुझे वडील काय करतात?"

"ते... लाउडस्पीकर भाड्यानं देतात, सर."

"कोणाला?"

"लग्नाला. गणपतीत. आणि निवडणुकीत पक्षांना."

"कोणत्या पक्षाला?"

"सगळ्यांनाच. सेट एकच आहे. सकाळी एका पक्षाला, दुपारी दुसऱ्या."

ते खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागायचा, अंगानं ते फार मोठे होते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "शेवटी एक निष्पक्ष माणूस सापडला. तू या घराचा स्पीकर."

त्या रविवारी मी कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला आणि अण्णांना सांगितलं, की खोली मिळाली, घरमालक चांगले आहेत, मला त्यांनी स्पीकर केलंय.

मग अण्णा म्हणाले, "तिकडंबी स्पीकरच? अरे मग इथं काय वाईट होतं?"

"तसा स्पीकर नाही, अण्णा. सभापती. विधानसभेत असतो ना, तसा."

"सभापती?" आमच्याकडे सभापती म्हणजे पंचायत समितीचा. त्याला जीप असते. "गाडी दिली का मग?"

"नाही. घरातल्या घरात आहे ते."

"बरं," अण्णा म्हणाले. "एक ध्यानात ठेव. स्पीकरनं सोताचा आवाज काढायचा नसतो. दुसऱ्याचा नीट जाऊ द्यायचा. सोताचा काढला की शिट्टी वाजती."

ते यंत्राबद्दल बोलत होते. मला पुढे बरेच दिवस ते दोन्हीकडे लागू पडलं.

तर, घरातली संसद. दर रविवारी चर्चहून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर. मी कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर. हातोडा म्हणून भारतातून आणलेलं माझं लाटणं. आईनं ते बॅगेत घातलं तेव्हा मी तिच्याशी वाद घातला होता, आता ते एका देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षांना गप्प करायला उपयोगी पडत होतं. ते ठराव मांडायचे, लूसी विरोध करायची, डेल मान हलवायचा आणि वैभव पुरवण्या जोडायचा. ठरावांचे विषय असे: हीटर किती डिग्रीवर ठेवावा. वैभवच्या फोडणीनं धुराचा अलार्म वाजतो, त्यावर उपाय. फ्रिजमधली सागरी हद्द. मधला कप्पा त्यांचा होता, आणि वैभवची लोणच्याची बरणी त्यात चार बोटं सरकली होती. त्यावर त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं. जमीन आमच्याकडे नव्हतीच, ते म्हणाले, आम्ही आयुष्यभर पाण्यावरच्या रेषांसाठी भांडलो आहोत, मला कोणी रेषा शिकवू नये.

"सर, पर लोणचं तुम्हीच खाऊन राहिले ना," वैभव म्हणाला.

"तो मासेमारीचा हक्क आहे. वेगळा विषय."

ठराव हरले की ते सभात्याग करायचे. म्हणजे मागच्या ओट्यावर जाऊन उभे राहायचे. ऑरेगनच्या थंडीत हाफपँटमध्ये सभात्याग चार मिनिटांवर टिकत नाही. आत येताना म्हणायचे, "लोकशाहीच्या हितासाठी परत आलो."

ते निवडून कसे आले, याच्या गोष्टी ते डायलिसिसहून आल्यावर सांगायचे. दमलेले असायचे आणि त्यामुळे, लूसी म्हणायची, जरा कमी खोटं बोलायचे.

पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा ते सभागृहात नव्हतेच. अठरा सदस्य, निवडीला दहा मतं लागायची, नऊ एकीकडे, नऊ दुसरीकडे, तीन दिवस कोणी हटेना. हे एका गटातले होते, पण मासे धरायला गेले होते आणि बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. "हजर असलेल्यांपैकी कोणीच कोणाला नको होता," ते म्हणाले. "मग उरलं कोण?" दुसऱ्या दिवशी ते कसेबसे किनाऱ्याला लागले तर समोर बँड. त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं. हातात मासे घेऊनच त्यांनी शपथ घेतली.

"मग अकरा दिवसांत का पडलं सरकार?"

"कारण मी रोज हजर राहिलो. लोकांनी मला जवळून पाहिलं."

दुसऱ्या वेळची गोष्ट त्यांची सगळ्यात लाडकी. देशाचं विमान एकच, आणि लहान. प्रवाशांना सामानासकट काट्यावर उभं करायचे. वजन जास्त झालं की दोनचार जण मागे राहायचे आणि पुढच्या फेरीला, म्हणजे आठवड्यानं, यायचे. अविश्वास ठराव आला तेव्हा विरोधी पक्षाचे दोन सदस्य परदेशात कसल्याशा परिषदेला गेलेले. ठरावाच्या आदल्या दिवशी परतणार होते. "मी काहीही केलं नाही," हे छातीवर हात ठेवून सांगायचे. "शाळेसाठी फक्त बाकं मागवली." लोखंडी बाकं. बाकं चढली, ते दोघं धावपट्टीवर हात हलवत उभे राहिले. ठराव एका मतानं फेटाळला गेला. "आणि मुलांना बाकं मिळाली. यालाच विकास म्हणतात." पुढच्या ठरावाला मात्र ते दोघं मासेमारीच्या बोटीनं चार दिवस ओकत आले, हिरव्या तोंडानं सभागृहात बसले, आणि सरकार पाडूनच घरी झोपायला गेले.

तिसऱ्या वेळची गोष्ट ते हसत सांगायचे नाहीत. एक सदस्य आजारी होता, मतं पडली आठ-आठ. अशा वेळी स्पीकर निर्णायक मत देतो. जुना नियम असा, की स्पीकरनं आहे ते तसंच राहील असं मत द्यायचं. सरकार आहे ना? मग राहू दे. बदल करायचा तर सभागृहानं बहुमतानं करावा, स्पीकरनं एकट्यानं करू नये. स्पीकर त्यांचा मेहुणा होता. त्यानं सरकार पाडलं.

"का?"

"माझ्या पुतण्याच्या लग्नात माशाचं डोकं त्याच्या पानात वाढलं नव्हतं. दुसऱ्याला वाढलं."

आमच्याकडेही आहेर चुकला म्हणून तालुक्याचं राजकारण फिरलेलं मी पाहिलं होतं, त्यामुळे मला हे पूर्ण पटलं. पण तेव्हापासून तो नियम त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा होता. दर रविवारी सभा सुरू व्हायच्या आधी माझ्याकडून वदवून घ्यायचे. मतं समान झाली तर स्पीकर काय करतो? आहे ते ठेवतो. स्पीकरला स्वतःला काय हवं असतं? काहीही नको असतं.

त्या कोऱ्या लेटरहेडची तीन खोकी त्यांच्या पलंगाखाली होती. पद गेलं, कागद उरले. भाजीची यादीसुद्धा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून निघायची. मला ओळखपत्र काढायचं होतं, त्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा होता. ते म्हणाले, थांब, मी देतो. काउंटरवरच्या बाईनं तो कागद वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला आणि आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला आदरानं विचारलं, तुम्ही कोणत्या दूतावासात आहात? मी "नो सर, बेसमेंट" असं काहीतरी म्हणालो. मला "अपस्टेअर्स" म्हणायचं होतं. ओळखपत्र मिळालं नाही.

त्या वर्षी अमेरिकेतही राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. ते टीव्हीसमोर बसून मान हलवत राहिले. "एवढे मतदार. यातल्या एकाच्या तरी आजीचं नाव त्या उमेदवाराला माहीत आहे का?" त्यांच्या मतदारसंघात चारशे माणसं होती आणि त्यांना चारशेच्या चारशे आज्या पाठ होत्या.

मला सेमिनार द्यायचा होता तेव्हा मी चार दिवस जेवलो नव्हतो म्हटलं तरी चालेल. त्यांनी मला समोर बसवलं. न्यूयॉर्कला जगातल्या सगळ्या देशांसमोर आपण बोललो होतो, म्हणाले. पाळी आली ऐन जेवणाच्या वेळी. सभागृह रिकामं, पाचसहा जण, त्यातले दोन झोपलेले. मग त्यांनी भाषणाचे कागद बाजूला ठेवले आणि आपल्या भाषेत पाद्री आणि खेकड्याचा एक अत्यंत अश्लील किस्सा सांगितला. काचेआड दुभाषे एकमेकांकडे बघत होते. किस्सा संपला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, झोपलेल्यांनीही. "लक्षात ठेव, मिस्टर स्पीकर, लोक भाषणाला टाळ्या देत नाहीत. भाषण संपल्याला देतात. तेव्हा संपव."

मी वीस मिनिटांचा सेमिनार सहा मिनिटांत संपवला. टाळ्या मिळाल्या. मार्क मिळाले नाहीत.

त्यांच्या खोलीत, मोज्यांच्या खणात, शहाळ्याच्या पाण्याचे डबे लपवलेले असायचे. डायलिसिसच्या माणसाला ते विष. लूसी शनिवारी झडती घ्यायची. "विरोधी पक्षाची धाड," असं म्हणून ते हात वर करून भिंतीशी उभे राहायचे. डबे सापडले की ती ते सिंकमध्ये ओतायची, आणि ते त्या आवाजाकडे कान देऊन उभे राहायचे. एकदा त्यांनी माझ्या डब्यातल्या खोबऱ्याच्या चटणीचा वास घेतला. फक्त वास. डोळे मिटून, बराच वेळ. मी डबा पुढे केला. मग मीच घाबरून मागे घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चौथ्यांदा निवडून येणं वगैरे ठीक आहे, पण या माणसाला खरं तर घरी जायचं आहे.

दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, त्यांच्या पुतण्याचा फोन आला. निवडणूक लागली होती. अर्ज भरायला उमेदवारानं स्वतः यावं लागतं.

ते आठवडाभर रोज टाय बदलत होते. लूसी त्यांच्याशी बोलत नव्हती. शनिवारी बॅग भरलेली सापडली, त्यात सहा पांढरे शर्ट आणि लेटरहेडचं एक खोकं. लूसी दारात उभी राहून म्हणाली, "ठीक आहे, पपा. उद्या रविवार आहे. ठराव मांडा. संसद म्हणेल तसं."

वैभव मला जिन्यात म्हणाला, "अबे, मले तर त्यांनी नागपूरचा कॉन्सुल बनवतो म्हटलंय. ऑनररी. ऑफिसवर झेंडा, गाडीवर झेंडा."

"आणि तू हो म्हणालास?"

"त्यांना एक तरी मत पडाले पाहिजे ना यार."

रविवारी लूसीनं अख्खा मासा भाजला होता. मी उंच स्टुलावर. ते उभे राहिले.

"ठराव असा, की या सभागृहाच्या एका सदस्याला निवडणूक लढवण्यासाठी मायदेशी जाऊ द्यावं."

"तिथे मशीन कुठे आहे, पपा?"

"माननीय सदस्यांनी स्पीकरला उद्देशून बोलावं."

लूसी माझ्याकडे वळली. "मिस्टर स्पीकर, या म्हाताऱ्याला विचारा, मशीन कुठे आहे?"

"मिस्टर स्पीकर, सदस्यांना सांगा, प्रचाराला दहा दिवस पुरतात. चारशे मतदार, रोज चाळीस."

"आणि अकराव्या दिवशी?"

"अकराव्या दिवशी मतदान."

"आणि बाराव्या?"

"बाराव्या दिवशी," ते टाय सरळ करत म्हणाले, "मी राजकारणातून निवृत्त होईन."

डेलचा काटा हवेतच थांबला. तो त्या दिवशीचं पहिलं वाक्य बोलला: "मतदान घ्या."

ठरावाच्या बाजूनं ते आणि वैभव. विरुद्ध लूसी आणि डेल. दोन-दोन. लूसी शांत होती. तिनं हे आधीच मोजलं होतं. "मिस्टर स्पीकर, मतं समान आहेत. नियम काय सांगतो? पपांनीच शिकवलाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर मला माहीत होतं, इंग्रजीत पाठही होतं, पण नेहमीप्रमाणे ऐन वेळी शब्द गेला. तोंडातून जे आलं ते आमच्या घरातलं होतं. अण्णांचं दुकान नगरपालिकेच्या जागेवर आहे असा दावा अठरा वर्षं कोर्टात चालू होता, आणि अठरा वर्षं कोर्टाच्या एका कागदावर ते दुकान उभं होतं. तो कागद अण्णांनी फ्रेम करून गणपतीशेजारी लावला होता. त्यातले दोन शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो होतो.

मी लाटणं आपटलं आणि म्हणालो, "जैसे थे."

"म्हणजे?" ते म्हणाले.

"म्हणजे... जसे होते तसे."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली.

"कोण होते?"

"सर?"

"मी होतो. आणि मी कुठे होतो? तिथे होतो. इथे तर मला आणलंय." त्यांनी टेबलावर थाप मारली. "स्पीकरचा निर्णय अंतिम. मी जसा होतो, तसा. डेल, बॅग गाडीत ठेव!"

अठरा वर्षं आमचं दुकान सांभाळणारे ते दोन शब्द भूतकाळातले आहेत, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वैभव हसायला लागला आणि मधेच थांबला. लूसी हसली नाही. तिनं मला स्पीकर म्हटलं नाही, माझ्या नावानं हाक मारली, आणि विचारलं, "तुला काय म्हणायचं होतं?"

मला सांगता आलं असतं, की नियमाचा अर्थ असा असा आहे. तेवढं पुरलं असतं. पण मी म्हणालो, "तुम्ही जाऊ नका. नियम म्हणून नाही. मला... मला तुम्ही इथे पाहिजे आहात." आणि माझा आवाज इतका विचित्र फाटला, की अण्णा तिथे असते तर त्यांनी धावत येऊन खटका बंद केला असता.

त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून टेबलावर ठेवलं.

"स्पीकरला काही नको असतं," ते हळूच म्हणाले. "किती वेळा शिकवलं तुला? माझ्या मेहुण्याचंही तेच झालं. त्याला मी नको होतो." मग त्यांनी टाय सोडला. तो घडी करून खिशात ठेवला. "ठराव फेटाळला गेला. जेवा आता, मासा गार होतोय."

आणि माशाचं डोकं उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवलं.

मी जन्मानं आणि सवयीनं शाकाहारी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ते डोकं माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होतं, आणि ते दोन डोळ्यांनी. मी खाल्लं. अण्णांना हे आजवर सांगितलेलं नाही.

त्यानंतर महिनाभर त्यांनी संसद भरवली नाही. सकाळी टायशिवाय दात घासायचे, आणि मला ते बघवायचं नाही. मग पुतण्याचा पुन्हा फोन आला. त्यांच्या रिकाम्या जागेवर मेहुणा निवडून आला होता, राष्ट्राध्यक्षही तोच होणार होता. पण मोजणीत सतरा मतपत्रिका बाद ठरल्या होत्या, कारण त्या सतरा जणांनी कोणालाच मत न देता खाली हातानं यांचं नाव लिहिलं होतं.

इतका आनंदलेला माणूस मी पाहिला नाही. लेटरहेडचा एक कागद घेऊन ते आठवडाभर ती सतरा नावं शोधत बसले. चार बहिणी. बँडमधले दोन भाऊ. बाकांवर बसून शिकलेली तीन पोरं, आता मतदार झालेली. सोळा नावं झाली. सतरावं काही केल्या सापडेना. एका सकाळी ते टाय बांधून खाली आले आणि म्हणाले, "सापडलं. माझा मेहुणा."

"पण सर, तो स्वतः उमेदवार होता."

"म्हणूनच. स्वतःबद्दल त्याला कधीच खात्री नव्हती." त्यांनी कागदावर सतरावं नाव लिहिलं आणि खाली सही केली. "निवडून तर कोणीही येतं. बाद मतं पडायला माणूस आवडावा लागतो."

मला शॉमबर्गला नोकरी लागली, मी ते घर सोडलं. निघताना लाटणं मागून घ्यायला गेलो, तर ते म्हणाले, राजचिन्ह सभागृहाबाहेर नेता येत नाही. वैभव बेलव्ह्यूला गेला. तो अजूनही स्वतःला नागपूरचा कॉन्सुल म्हणवतो. अधूनमधून मला शिक्क्याचं पत्र यायचं, त्यात डेलच्या बसचा आवाज वाढल्याची तक्रार असायची.

२००७ मध्ये त्यांचं निधन झालं. झोपेत, मंगळवारी, डायलिसिस नसलेल्या दिवशी. मला दोन आठवड्यांनी कळलं. शॉमबर्गच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला, लांबलचक नंबर, पलीकडे समुद्रासारखा खरखराट आणि त्यात लूसीचा आवाज. ती वडिलांना घेऊन घरी गेली होती.

तीच बोलत राहिली. पेटीत टाय निळाच बांधला होता. लाटणंही ठेवलं, माफ कर, म्हणाली.

"त्या विमानानंच गेलात?"

"दुसरं आहे कुठे? पेटी काट्यावर ठेवली." ती म्हणाली. "पपा किती जड होते तुला माहीत आहे. दोन माणसांना उतरवावं लागलं."

"कोणाला?"

"विरोधी पक्षाच्या दोन सदस्यांना. त्यांना परिषदेहून परत जायचं होतं. ते हात हलवत होते, मला खिडकीतून दिसत होते." तिचा आवाज आता हसण्याचा आहे की रडण्याचा, त्या खरखराटात कळत नव्हतं. "दुसऱ्या दिवशी मामावर अविश्वास ठराव होता. एका मतानं फेटाळला गेला. मामा आमच्या दारात बसून तासभर रडला."

"मग सरकार?" मी विचारलं. "आणि सर?"

लाइन जाते आहे असं वाटलं. मग अगदी स्पष्ट, आपल्या बेटावरच्या उच्चारात, ती म्हणाली, "जेसे थे, मिस्टर स्पीकर. दोन्ही जेसे थे."